तुतीला साखर कोण म्हणतं

दिलोवरला वरून खाली आणलं ते गवत ओढायच्या घसरगाडीवर घालून, आणि निम्म्या गावाला वाटलं, मढंच आणलं. तसं वाटणाऱ्यांचं फारसं चुकलंही नव्हतं. सतरा दिवस झाले होते. वरच्या कुरणावर दगडी खोपीत ठेवलेलं गवत आणायला तो एकटाच गेला आणि त्याच दुपारी घळीत बर्फाचा कडा कोसळला. आमच्या बारतांगच्या दरीत बर्फ कोसळतो ही काही बातमी नव्हे, पण या खेपेला कड्याच्या पलीकडे माणूस अडकला होता. त्याच्याजवळ तीन दिवसांच्या रोट्या होत्या आणि मुठीत मावेल इतका चहा. खोपीत शेणी होत्या, म्हणून थंडीने मेला नाही. बाकीचे दिवस त्याने बर्फ वितळवून प्यायला.

खाली त्याच्या नावाचा दिवा लावायचा की अजून थांबायचं, यावर म्हाताऱ्यांची चार दिवस वादावादी चालली होती. दिव्याचं नाव काढलं की त्याची आई मोहबेगिम उठून बाहेर जायची. शेवटी पालवोनशो काका म्हणाले, वाद पुरे, मढं तर आणू. पाच गडी घेऊन ते वर गेले आणि जिवंत माणूस घेऊन आले. त्या दिवसापासून काकांची छाती जी फुगली ती उन्हाळ्यापर्यंत उतरली नाही.

सावसनला बोलावणं आलं तेव्हा ती दवाखान्यात नव्हती, स्वतःच्या गोठ्यात होती. ती गावची फेल्डशर. फेल्डशर म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टर येईपर्यंत काय ते निभावून नेणारी. आमच्या खोऱ्यात डॉक्टर येतच नाही, म्हणून सत्तावीस वर्षं सगळं तीच निभावत होती. मोहबेगिम तिची थोरली बहीण. दिलोवर तिच्या हातांवर वाढलेला. गावच्या शाळेत तो गणित शिकवायचा, आणि पाचवीतल्या ढ पोरांनासुद्धा अपूर्णांक समजायचे, इतकं चांगलं शिकवायचा. हात तसेच झग्याला पुसत सावसन धावली.

बहिणीचं घर माणसांनी भरलं होतं. चुलीजवळच्या चबुतऱ्यावर, चार गोधड्यांखाली तो पडला होता. गालांची हाडं वर आलेली, डोळे खोल गेलेले. तिने नाडी धरली. मंद होती, पण होती. ती वाकली आणि तिला त्याच्या श्वासाचा वास आला. पोत्यात ठेवून उतरलेल्या सफरचंदांना येतो तसा.

"प्यायलाय तो," पालवोनशो काका मागून हळूच म्हणाले. "वाटेत मलाही आला वास. म्हटलं, आईसमोर नको बोलायला. कुठे लपवली होती बाटली कोण जाणे."

"काका, सतरा दिवस पुरेल एवढी दारू या गावात असती तर पहिली तुमच्याकडे असती."

लोक हसले. हसण्यासारखाच दिवस होता. पण सावसनला हसू आलं नाही. तो वास कसला, हे तिला माहीत होतं. खोरोग शहरातल्या वैद्यकीय कॉलेजात एका म्हाताऱ्या बाईंनी हाच धडा शिकवताना वर्गातल्या प्रत्येकीला नाव घेऊन उभं केलं होतं.

"मावशी," दिलोवरने डोळे उघडले. "कोण कोण आलंय? नववीची परीक्षा घ्यायची राहिली माझी."

त्याने ओळखलं. डोकं शाबूत होतं. सावसनचा जीव अर्धा भांड्यात पडला, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी ती बहिणीकडे वळली.

"ताई, नीट ऐक. तुम्हीही सगळे ऐका. मेंदू साखरेवर चालतो. आपण जे खातो त्यातून ती रक्तात येते. खाणं बंद झालं की लिव्हरमध्ये साठवलेली एखादा दिवस पुरते. मग शरीर मांस झिजवून थोडी काढतं. तेवढ्याने भागत नाही, म्हणून चरबी वितळायला लागते, आणि लिव्हर त्या चरबीचं वेगळंच जळण तयार करतं. मेंदूला ते आवडत नाही, पण तो शिकतो त्याच्यावर भागवायला. कोळसा संपला की आपण नाही का शेणीवर भागवत, तसंच. हा वास त्याचाच आहे."

"म्हणजे प्यायलेला नाही," काका म्हणाले. आवाजात थोडी निराशा होती.

"नाही काका. आता याला एकदम साखर दिली, तर शरीर हे जळण टाकून साखरेवर तुटून पडेल. पण साखर जाळायला बी-वन नावाचं जीवनसत्त्व लागतं, आणि ते याच्या अंगात उरलेलं नाही. तशीच साखर गेली तर मेंदूतल्या काही जागा करपतात. आठवणी धरून ठेवतात नेमक्या त्या. जीव राहील, पण आपला दिलोवर राहायचा नाही."

मोहबेगिम बहिणीकडे टक लावून बघत होती.

"इंजेक्शन दवाखान्यात आहे. मी आणते. तोवर कोमट पाणी, तेही घोटघोट." सावसनने बोटं मोजायला सुरुवात केली. "साखर नाही. गोड गोळ्या नाहीत. जॅम नाही. मध नाही. हलवा नाही. रोटी नाही. बटाटा नाही. दूध-लोण्याचा शीरचाय नाही. मटणाचा रस्सा नाही. शेवया नाहीत." दहा बोटं संपली, ती थांबली.

"सतरा दिवसांचा उपाशी पोरगा," मोहबेगिम म्हणाली, "आणि त्याच्या पुढ्यात मी पाणी ठेवू. शत्रूच्या दारातसुद्धा असं करत नाहीत."

"तासाभराचा प्रश्न आहे, ताई."

"तुझ्या पुस्तकात तास असतो. पोटात नसतो."

सावसनने बाहेर पडून दार ओढून घेतलं. थोरलीशी वाद घालून ती आजवर एकदाही जिंकली नव्हती, आणि आज तेवढा वेळही नव्हता.

दवाखाना गावाच्या खालच्या टोकाला, ओढ्यापलीकडे. दारापाशी कमरेइतकं बर्फ साचलं होतं. ते उपसण्यात पाऊण तास गेला. बी-वनच्या कुप्या मिळाल्या पाच. जिल्ह्याकडून मागच्या वर्षी वीस आल्या होत्या, पण आमच्याकडे कुणाची कंबर धरली, कुणाचे पाय दुखले की लोक बी-वनच मागतात, आणि सावसनला कुणाचं मन मोडवत नाही. त्यातल्या तीन पालवोनशो काकांच्या गुडघ्यासाठी गेल्या होत्या, आणि गुडघा होता तसाच होता. कुप्या गोठू नयेत म्हणून तिने त्या छातीशी धरल्या आणि शाळेच्या मागच्या भिंतीपाशी गेली, कारण फोन तिथेच लागतो.

जिल्ह्याचा डॉक्टर तरुण होता, पण समजदार होता. "आधी बी-वन, मग अन्न. उलटं नको," तो म्हणाला. "पाच फार कमी आहेत, तरी सगळ्या लागतील. हवा उघडली की हेलिकॉप्टर पाठवतो. आज नाही, उद्याही नाही. अजून काही खाल्लं नाही ना त्याने?"

"नाही," सावसन म्हणाली. "मी सगळं बजावून आले आहे."

परत येताना तिला बहिणीच्या घरातून हसण्याचा आवाज आला. आधी तिला बरं वाटलं. मग दारातच पाय थबकले.

दिलोवर उशीला टेकून बसला होता. गालांवर रंग चढला होता. खोप कशी होती, वारा कसा आत शिरायचा, हे तो सांगत होता आणि माणसं माना डोलावत होती. त्याच्या दाढीला तपकिरी काहीतरी लागलं होतं. मोहबेगिमच्या मांडीवर लाकडी वाडगा होता, बोटाने पुसून काढल्यासारखा रिकामा.

"बघ," मोहबेगिम म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. सतरा दिवसांत असा दिसला नव्हता. "बघ कसा बोलतोय."

"काय दिलंस?"

"तू नको म्हणालीस त्यातलं काही नाही. खुदाची शपथ. चार चमचे तुतीचं पीठ, कोमट पाण्यात कालवून."

वाळलेल्या तुती कुटून केलेलं पीठ आमच्या प्रत्येक घरात असतं. मेंढपाळ ते झोळीत घालून डोंगरावर जातो, बाळंतिणीला ते देतात, दात पडलेल्या म्हाताऱ्यांना देतात. लढाईच्या हिवाळ्यात रस्ता बंद झाला, गव्हाचा दाणा संपला, तेव्हा सगळं खोरं तुतीवर जगलं. दिलोवर तेव्हा पाळण्यात होता आणि मोहबेगिमला दूध येईना. तेव्हा तिने बोटाला तुतीचं पीठ लावून त्याला चाटवलं होतं, आणि उरलेलं धाकट्या सावसनला देऊन स्वतः पाणी पिऊन झोपली होती. साखर दुकानातून येते, पांढरी असते, पैसे पडतात. तुती झाडाची. तिला साखर कोण म्हणतं?

आणि खरं सांगायचं तर सावसननेही म्हटलं नव्हतं. तिने दहा बोटं मोजली होती, आणि तीही याच खोऱ्याची असल्यामुळे तिच्याही डोक्यात तुती साखरेच्या रांगेत कधी उभी राहिली नव्हती. वाळली की ती निम्म्याहून अधिक साखरच असते, हे आता कुणीतरी कानात ओरडून सांगितल्यासारखं तिला कळलं.

तिने दोन कुप्या एकदम भरल्या आणि टोचल्या.

"रागावू नकोस गं," मोहबेगिम म्हणाली. "तुला वाटलं ते तू सांगितलंस. मला वाटलं ते मी केलं. आता पोरगं हसतंय, तूही हस."

"ताई, आता मात्र मी सांगेपर्यंत काहीही नको. तुती नको. काहीच नको."

"तुला आमच्या दिलोवरच्या पोटाचं एवढं काय वावडं आहे?" कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, आणि दुसरीने नाक मुरडलं. त्या दिवशीच गावात ठरून गेलं: सावसनने उपाशी ठेवला होता, आईने वाचवला.

त्या संध्याकाळी त्याच्या श्वासाचा वास गेला. सावसन पुन्हा पुन्हा वाकून हुंगत होती. सफरचंदं नव्हती, काहीच नव्हतं. शरीराने ती शेणींची चूल विझवली होती. बहिणीला वाटलं, वास गेला म्हणजे दुखणं गेलं. तिने चुलीपाशी बसून हात वर करून दुवा मागितली.

सकाळी दिलोवरचे डोळे स्थिर राहीनात. एखादी वस्तू बघायला गेला की बुबुळं हिसके देत बाजूला पळायची. उठवून उभं केलं तर पाय फाकवून झुलायला लागला.

"अशक्तपणा आहे," मोहबेगिम म्हणाली.

"हो," सावसन म्हणाली, आणि तिसरी कुपी फोडली. दुपारपर्यंत पाचही संपल्या. गावातली घरं तिने धुंडाळली. लोक औषधं साठवून ठेवतात हे तिला ठाऊक होतं. पालवोनशो काकांच्या कपाटातून तीन निघाल्या. गुडघा दुखतो म्हणून घेतलेल्या आणि टोचून न घेतलेल्या.

"मला सुईची भीती वाटते," काका खाली बघत म्हणाले. "कुणाला सांगू नकोस."

तिसऱ्या दिवशी आभाळ उघडलं. हेलिकॉप्टर येईपर्यंत दिलोवरने दोनदा विचारलं, "मी कधी आलो खाली?" दोनदा मोहबेगिमने सांगितलं, "परवा, बाळा." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने मान फिरवून धाकटीकडे बघितलं.

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरने सावसनला बाजूला घेतलं. आत शिरांतून औषध चाललं होतं. पायांचा तोल येईल, डोळे थांबतील, असं तो म्हणाला. आठवणींचं मात्र तो काही बोलला नाही. कागदावर त्याने लिहायला घेतलं: अडकलेले दिवस, सतरा. पहिलं अन्न?

"तुतीचं पीठ," सावसन म्हणाली. "चार चमचे."

"तुम्ही सांगितलं नव्हतं?"

"तुतीचं नव्हतं सांगितलं."

त्याने पेन थांबवलं. "भुकेनेही होतं असं," तो म्हणाला. "एवढ्या दिवसांत आधीच सुरुवात झाली असेल. कुणालाच खात्रीने सांगता येणार नाही." भला माणूस होता. सावसनने ते वाक्य जपून घरी आणलं. रोज ते स्वतःला ऐकवायची, आणि एकदाही तिला ते पटलं नाही.

मेमध्ये दिलोवर परत आला. चालत आला. वजन भरलं होतं. गावातल्या सगळ्यांना नावाने हाक मारली, पालवोनशो काकांच्या गुडघ्याची विचारपूस केली. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. शाळेत नेलं तर फळ्यावर अपूर्णांक मांडून दाखवला, मग वळून पोरांना म्हणाला, "आता पहिला पाठ," आणि तोच अपूर्णांक पुन्हा मांडला. पोरं हसली नाहीत. पाचव्यांदा मांडला तेव्हा एक पोरगी रडायला लागली. हेडमास्तरांनी त्याला हाताला धरून घरी आणून सोडलं.

जुनं सगळं त्याला येत होतं. नवं काही राहत नव्हतं. त्याचा काळ त्या खोपीच्या दारापाशी थांबला होता. दिवसातून दहा वेळा तो नुकताच खाली आलेला असायचा.

सावसन रोज बहिणीकडे जायची आणि रोज सांगायचं राहून जायचं. गावातल्या बाया अजूनही टोमणे मारायच्या. तू नुसतं पाणी पाजत बसली असतीस आणि तो गेला असता, असं तिला भर रस्त्यात म्हणायच्या. ती ऐकून घ्यायची. टोमणे तिला परवडायचे. निदान ते खोटे होते. खऱ्याचाच त्रास होत होता. आईने वाचवला म्हणून मोहबेगिमला जे मिळालं होतं, ते तिच्याकडून काढून घ्यायचा आपल्याला काय हक्क, असं तिला वाटायचं. आणि न सांगावं, तर आपली चूक भुकेच्या नावावर ढकलून मोकळं झाल्यासारखं वाटायचं.

जूनमध्ये एका दुपारी तिने सांगितलं. मोहबेगिम कणीक मळत होती. दिलोवर दारातल्या उन्हात बसला होता. त्याचं जेवण आत्ताच झालं होतं. धुतलेलं ताट अजून ओलं होतं.

"ताई, त्या दिवशी मी दहा गोष्टी मोजल्या. तुतीचं नाव घेतलं नाही. ती साखरच असते. डॉक्टर म्हणतो भुकेनेही झालं असेल, पण मला तसं वाटत नाही. चूक माझी आहे. तुला कसं कळणार होतं?"

मोहबेगिमचे हात थांबले नाहीत. कणकेचा गोळा तिने उलटला, दाबला, पुन्हा उलटला.

"तू दार ओढून घेतलंस," ती म्हणाली, "आणि मी तुझ्यामागे आले होते. उंबऱ्यापर्यंत. तू ओढ्याकडे उतरत होतीस. हाक मारली असती तर ऐकू गेली असती."

"कशाला आली होतीस?"

"विचारायला. तुती देऊ का म्हणून."

"मग?" सावसनने विचारलं.

"मग विचारलं नाही. तू नको म्हणाली असतीस." मोहबेगिमने पिठाचे हात मांडीवर ठेवले. "तू नाव घेतलं नव्हतंस, तेवढीच फट होती माझ्यासाठी. विचारलं असतं तर तीही बुजली असती. मग मी काय केलं असतं? तुझं न ऐकता रोटी दिली असती, दुसरं काय. तो माझ्याकडे बघत होता गं. सतरा दिवसांनी आईच्या घरात येऊन माझ्या हातांकडे बघत होता."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"माहीत नव्हतं. पण विचारायची भीती वाटली म्हणजे काहीतरी माहीत असणारच ना. एवढं तुझं पुस्तक न वाचतासुद्धा कळतं मला." ती रडत नव्हती. फेब्रुवारीपासून रडून झालं असावं. "तुझ्यावर गाव बोलतं, मी गप्प बसते. तेही माझंच. तू उगीच अर्धं उचलू नकोस."

एकमेकींची समजूत काढावी असं काही दोघींनाही सुचलं नाही, आणि तसं खोटं बोलण्याइतक्या त्या परक्या नव्हत्या.

उन्हात दिलोवर हलला. त्याने वळून घरात बघितलं, चुलीकडे, आईकडे, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"आई," तो म्हणाला, "मी आलो. सतरा दिवस झाले, पोटात काही नाही गं. काहीतरी दे ना."

मोहबेगिमने ओल्या ताटाकडे पाहिलं. हात झटकले. उठता उठता ती अर्ध्यात थांबली आणि धाकट्या बहिणीकडे वळली.

"सावसन, देऊ का?"